सिडनीचे संकेतस्थळ आणि एक अंध वाचक

एखाद्या ग्रंथालयाची थोरवी त्यातील ग्रंथांच्या संख्येवरून ठरत नाही. वाचकाला हवा असलेला ग्रंथ त्याच्या हाती किती सुखाने पडतो, यावरून ती ठरते. ग्रंथ लाखभर असावेत, परंतु सूची नसावी आणि कपाटांना कुलपे असावीत, तर त्या वैभवाचा उपयोग काय? संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या संकेतस्थळांनाही हाच न्याय लागू पडतो. आज हे तत्त्व कोणी नाकारीत नाही. परंतु ते मान्य होण्यासाठी एका माणसाला झगडावे लागले आणि एका आयोगाला निकाल द्यावा लागला. ती हकीकत मोठी उद्बोधक आहे.

जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जागतिक जाळ्याची कल्पना मांडली आणि १९९१ साली त्याचे पहिले संकेतस्थळ जगापुढे आले. ते अगदी साधे होते. त्यात ना चित्र होते, ना सजावट. केवळ शब्द, आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे. अशी साधी पाने डोळस आणि अंध या दोघांनाही सारखीच खुली असतात. अंध वाचकाच्या संगणकाला एक विशेष पट्टी जोडता येते. पडद्यावरील अक्षरे त्या पट्टीवर ब्रेल लिपीच्या उठावदार टिंबांच्या रूपाने उमटतात. बोटाखालची ओळ वाचून झाली की ती टिंबे खाली जातात आणि पुढील ओळीची वर येतात. दुसरे साधन म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी आज्ञावली. या दोन्ही साधनांची अट एकच आहे : पानावर खरी अक्षरे हवीत.

१९९३ साली मोझेइक नावाच्या ब्राउझरने मजकुराच्या जोडीला चित्रे दाखविण्यास आरंभ केला आणि जाळ्याचे रूप पालटले. पाने रंगीबेरंगी झाली. शीर्षके, बटणे, इतकेच नव्हे तर दुसऱ्या पानाकडे नेणारे दुवेही चित्रांत रंगविले जाऊ लागले. डोळस माणसाला अशा चित्रावर ‘वेळापत्रक’ हा शब्द स्वच्छ दिसतो. परंतु संगणकाच्या लेखी तो शब्द नसतो, रंगांच्या ठिपक्यांचा पुंजका असतो. साहजिकच ब्रेलच्या पट्टीवर त्यातून काहीच अर्थ उमटत नाही. या अडचणीवर उपाय नव्हता असे नाही. चित्राचा अर्थ सांगणारे चार शब्द त्याच्यासोबत लिहून ठेवण्याची सोय १९९५ च्या प्रमाण नियमांतच नमूद होती. काम चार शब्दांचे होते. पण ते करण्याची आठवण थोड्यांनाच होत असे. पुढे ५ मे १९९९ रोजी डब्ल्यू-थ्री-सी या जाळ्याचे नियम ठरविणाऱ्या संस्थेने यासंबंधी १४ मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. चित्राला पर्यायी शब्द द्यावेत, हे त्यांपैकी पहिलेच सूत्र होय.

त्यानंतर अवघ्या महिन्याभराने, ७ जून १९९९ रोजी, ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क व समान संधी आयोगापुढे एक तक्रार दाखल झाली. तक्रारदार ब्रूस मॅग्वायर हे जन्मांध गृहस्थ होते आणि ब्रेलच्या पट्टीच्या साहाय्याने संगणक वापरीत असत. पुढील वर्षी सिडनी येथे ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते. तिकिटांची मागणी नोंदविण्यासाठी लागणारी माहिती आणि स्मरणिका ब्रेलमध्ये मिळावी, तसेच सामन्यांचे संकेतस्थळ आपल्याला वाचता यावे, एवढीच त्यांची मागणी होती. या संकेतस्थळावर अनेक चित्रांना पर्यायी शब्दच नव्हते. वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या सूचीकडे जाण्याचा मार्ग अंध वाचकाला सापडत नव्हता. निकालांची कोष्टकेही त्याला वाचता येतील अशा बेताने मांडली जाणे आवश्यक होते. देशात सामने भरावेत, घरोघर त्यांची चर्चा चालावी, आणि आज कोणता खेळ कोठे आहे हे मात्र एका नागरिकाने दुसऱ्याला विचारीत बसावे, हा प्रकार मॅग्वायर यांना मान्य नव्हता. १९९२ च्या अपंगत्व भेदभाव कायद्याचा त्यांनी आधार घेतला.

सामन्यांच्या संयोजन समितीने आपला बचाव केला. प्रत्येक खेळाच्या पानाचा संपूर्ण पत्ता थेट टंकलिखित केल्यास तेथे जाता येते, असे तिचे एक म्हणणे होते. परंतु ज्याला पत्ता ठाऊक नाही त्याने काय करावे, हा प्रश्न त्यातून सुटत नव्हता. पाहुण्याला मुख्य दार उघडू नये आणि परसदाराची वाट माहीत असेल तर खुशाल आत यावे असे सांगावे, तशातलाच हा प्रकार होय. समितीचा दुसरा मुद्दा खर्चाचा होता. मागणी मान्य केल्यास वाढीव यंत्रणेसाठीच सुमारे २२ लाख डॉलर लागतील आणि एका माणसाला वर्षभराहून अधिक काळ राबावे लागेल, असा हिशेब तिने मांडला. हा बोजा असह्य असल्याचे तिचे प्रतिपादन होते.

यावर दोन तज्ज्ञांच्या साक्षी मॅग्वायर यांच्या बाजूने झाल्या. एक ऑस्ट्रेलियाचे टॉम वर्दिंग्टन आणि दुसऱ्या कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या युटा ट्रेव्हिरॅनस. त्यांनी दाखवून दिले की, एवढे मोठे संकेतस्थळ कोणी एकेक पान हाताने लिहून उभारीत नाही. मोजके साचे तयार केले जातात आणि त्यांतून हजारो पाने निघतात. म्हणून दुरुस्ती साच्यांत करावयाची आहे, पानापानांत नव्हे. अनुभवी माणसांचा लहानसा गट हे काम काही आठवड्यांत उरकू शकेल. शिवाय ही सोय मुळापासून ध्यानात ठेवली असती, तर खर्च नगण्यच झाला असता.

२४ ऑगस्ट २००० रोजी आयोगाच्या वतीने विल्यम कार्टर यांनी निकाल दिला. समितीने बेकायदा भेदभाव केला आहे, आणि असह्य खर्चाचा तिचा बचाव टिकत नाही, असे त्यांनी ठरविले. १५ सप्टेंबर २००० पर्यंत, म्हणजे सामन्यांच्या उद्घाटनाच्या दिवसापर्यंत, दुरुस्त्या करण्याचा आदेश झाला. तथापि समितीने तो अंशतःच पाळला. सामने झाले, पदके वाटली गेली, दीपमाळा विझल्या. आणि ६ नोव्हेंबर २००० रोजी मॅग्वायर यांना २०,००० डॉलर भरपाई देण्याचा हुकूम निघाला. पैसा मंजूर झाला खरा, परंतु ज्या दिवसांसाठी हा सारा खटाटोप होता ते दिवस निघून गेले होते. त्यांची भरपाई कोणता आयोग करणार?

तरीही हा झगडा व्यर्थ गेला असे म्हणता येत नाही. संकेतस्थळ सुलभ असणे हा उपकार नसून नागरिकाचा हक्क आहे, हे तत्त्व त्यातून ठसठशीतपणे पुढे आले. २००८ साली मार्गदर्शक सूत्रांची नवी आवृत्ती निघाली. तिने सगळा विचार चार तत्त्वांत बसविला : पान इंद्रियांना जाणवावे, ते चालविता यावे, समजावे आणि निरनिराळ्या साधनांवर टिकावे. भारतातही २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमाने माहितीच्या साधनांची सुलभता कायद्याच्या कक्षेत आणली.

मराठी वाचकाला तर या प्रश्नाची झळ डोळे असूनही सोसावी लागली आहे. जाळ्याच्या आरंभीच्या काळात अनेक मराठी पाने ज्याच्या त्याच्या खास टंकात निघत. तो टंक इंदूरच्या किंवा बेळगावच्या वाचकाच्या संगणकावर नसला, तर मराठीऐवजी चित्रविचित्र चिन्हांची गर्दी पडद्यावर दिसे. युनिकोड या समान संकेतपद्धतीत देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले होते. पण तिचा स्वीकार सावकाश होत गेला. तो झाल्यावर ‘क’ हे अक्षर सर्वत्र ‘क’च राहू लागले, आणि त्याच अक्षरामुळे वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीलाही मराठी मजकूर हाताळता येऊ लागला. डोळस आणि अंध या दोघांची अडचण एकाच उपायाने दूर झाली, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

सिडनीच्या प्रकरणाचे सारही हेच आहे. घर बांधून झाल्यावर भिंत फोडून दार बसविणे महाग पडते. नकाशातच दार दाखविले तर त्याचा वेगळा खर्च जाणवतही नाही. पान रचणाऱ्याने पहिली ओळ मांडण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : हे वाचू इच्छिणारा, परंतु माझ्यासारखा पाहू न शकणारा, कोणी आहे काय? ज्याने हा प्रश्न वेळीच विचारला, त्याचे काम बहुधा चार शब्दांत भागते.