एका शर्यतीचे दोन विजेते

साहित्यकृतीच्या थोरवीविषयी पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतात. शर्यतीत मात्र रेषा कोणी आधी ओलांडली एवढेच पाहायचे असते, असा आपला समज आहे. १७ एप्रिल १९४९ रोजी झालेली पॅरिस–रूबे सायकल-शर्यत या समजाला छेद देते.

उत्तर फ्रान्समधील रूबे या कापड-उद्योगाच्या शहरातील दोन उद्योजकांनी १८९६ साली ही एकदिवसीय शर्यत सुरू केली. दगडी फरसबंदीच्या खडबडीत रस्त्यांसाठी ती ओळखली जाते. मात्र ‘उत्तरेचा नरक’ हे तिचे नाव १९१९ सालचे, पहिल्या महायुद्धाने उद्ध्वस्त केलेला तो मुलूख पाहून पडलेले. शर्यतीचा शेवट रूबेच्या वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकलींसाठी खास बांधलेल्या धावपट्टीवर होतो.

१९४९ साली फ्रान्सचा आंद्रे माए दोन साथीदारांसह इतरांना मागे टाकून वेलोड्रोमपाशी पोहोचला. तेथे या तिघांना चुकीची वाट दाखवली गेली. ते भलत्याच दाराने आत शिरले आणि त्यांत माए पहिला आला. मागाहून, ठरलेल्या मार्गाने आलेल्या घोळक्यात इटलीचा सेर्से कोप्पी अव्वल ठरला. सेर्से हा विख्यात फाउस्तो कोप्पीचा धाकटा भाऊ. नेमलेले अंतर नेमलेल्या मार्गाने आधी पूर्ण करणारा विजेता, या न्यायाने त्याच्या बाजूने तक्रार झाली. पंचांनी माएला दिलेला विजय काढून सेर्सेला दिला. फ्रेंच महासंघाने तो पुन्हा माएला बहाल केला. इटलीने त्यास हरकत घेतली. अखेर नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने दोघांनाही विजेते घोषित केले.

पाठचिकित्सेचा अभ्यास करणाऱ्यास येथे दोन तुल्यबळ पाठ शेजारी छापणारा संपादक आठवेल. परंतु हे साम्य वरवरचे आहे. संपादकाला मूळ पाठ कोणता हे ठाऊक नसते. येथे काय घडले हे सर्वांना ठाऊक होते. संहिता एकच होती, तिचे अर्थ दोन होते. शर्यत म्हणजे वेगाची कसोटी, की आखलेल्या मार्गाचे पालन? पहिला अर्थ घेतला तर माए विजेता, दुसरा घेतला तर सेर्से. वस्तुस्थिती निर्विवाद असली, तरी तिच्यावरून निघणारा निर्णय निर्विवाद असतोच असे नाही.

या तडजोडीत आणखी एक गोष्ट झाकली गेली. दोष दोघांपैकी कोणाचाच नव्हता. तो व्यवस्थेचा होता. त्याची किंमत मात्र दोघांनी अर्धी-अर्धी चुकवली. सेर्से १९५१ साली एका शर्यतीत पडल्यानंतर तूरिन येथे मरण पावला; हा वाटून मिळालेला विजय त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा ठरला. माए २०१० पर्यंत जगला. विजेत्यांच्या यादीत आज १९४९ समोर दोन्ही नावे आहेत. ज्या चुकीमुळे ती शेजारी आली, तिला त्या यादीत जागा नाही.