पोटगीचा हक्क कसा मिळत गेला

आजच्या भाषणात आपण पोटगीचा इतिहास बघणार आहोत. इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया आठवतात. पण आपल्या पोटाशी बांधलेल्या या हक्कालाही मोठा इतिहास आहे, आणि तो माहीत नसल्यामुळं आपल्यातल्या कित्येकजणी तो मागायलाच जात नाहीत.

गटांच्या बैठकांना आम्ही जातो तेव्हा एक वाक्य फार ऐकू येतं. पंचवीस-तीस वर्षं संसार केलेली बाई असते. पोरांची लग्नं झालेली असतात. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून, नाहीतर रोजच्या मारहाणीला कंटाळून ती भावाच्या दारात येऊन राहिलेली असते. पोटगीचं विचारलं की म्हणते, "एवढं वय झालं, आता काय मागायचं?" आमचं म्हणणं असं, की मागायचं ते आताच. कारण या कायद्याला वयाची अट नाही, आणि लग्न जितकी वर्षं टिकलं तितका तिचा दावा भक्कम होतो. हे आजचं चित्र एका दिवसात तयार झालं नाही. नवऱ्यांनी पळवाटा काढल्या, बायका कोर्टात आणि रस्त्यावर उभ्या राहिल्या, आणि एकेक पळवाट बुजत गेली.

सुरुवात इंग्रजांच्या काळापासून करू. 1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 488 होतं. ऐपत असून बायको-पोरांना न पोसणाऱ्या नवऱ्याला महिन्याला रक्कम द्यायला लावण्याचा अधिकार त्यानं मॅजिस्ट्रेटला दिला. बाई-पोरं रस्त्यावर येऊ नयेत, एवढाच सरकारचा हेतू होता. रक्कम जास्तीत जास्त 50 रुपये. 1923 मध्ये ही मर्यादा 100 झाली आणि 1955 मध्ये 500.

या कलमात पहिली पळवाट होती ती नांदवण्याची. नवरा कोर्टात उभा राहून म्हणायचा, "साहेब, मी तिला नांदवायला तयार आहे, तीच येत नाही." घरात सवत आणून बसवली असली तरी तो असं म्हणू शकत होता. हे बदललं 1949 मध्ये. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं असेल किंवा दुसरी बाई ठेवली असेल, तर बायकोनं त्याच्याकडं जायला नकार देणं योग्य आहे, असं कायद्यातच लिहिलं गेलं. त्याच्या तीन वर्षं आधी, 1946 मध्ये, दोन कायदे झाले होते. विवाहित हिंदू स्त्रीला ठरावीक कारणांसाठी वेगळं राहून पोटगी मागण्याचा हक्क एकानं दिला. दुसरा आपल्या मुंबई प्रांताचा होता आणि त्यानं हिंदू पुरुषाला बायको असताना दुसरं लग्न करायला बंदी घातली.

त्याच काळात आपल्या मातीत काय चाललं होतं? सातारा आणि सांगली तेव्हा एकच जिल्हा होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. या जुन्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार 1943 ते 1946 चाललं. गावोगावच्या न्यायदान मंडळांपुढं सावकार आणि गुंडांच्या तक्रारी यायच्या, तशीच नवऱ्यानं टाकलेल्या बायांची गाऱ्हाणीही यायची. बायको टाकणं ही घरातली बाब नाही, त्याचा जाब गावानं विचारायचा, ही गोष्ट आपल्या भागानं तेव्हाच बघितली होती.

साताऱ्याच्या शाळेत 1900 साली नाव घातलेला एक मुलगा पुढं देशाचा कायदामंत्री झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी हिंदू कोड बिलात घटस्फोट, पोटगी आणि वारसा हे बायकांचे हक्क एकत्र मांडले. बिल अडवलं गेलं, आणि 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं तेव्हा सांगितलेल्या कारणांत हेही एक होतं. पुढं 1955 आणि 1956 मध्ये ते तुकड्यातुकड्यानं मंजूर झालं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 मध्ये घटस्फोटाच्या निकालाच्या वेळी किंवा त्यानंतर केव्हाही कायमची पोटगी मागता येते. 'त्यानंतर केव्हाही' हे शब्द लक्षात ठेवा.

दुसरी पळवाट सोडचिठ्ठीची. जुनं कलम 488 फक्त बायकोसाठी होतं. घटस्फोट झाला की ती बायको राहत नाही, मग पोटगी कसली? म्हणून पोटगीचा अर्ज आला की सोडचिठ्ठी दे, असा धंदा चालायचा. 1974 पासून नवी संहिता लागू झाली. तिच्या कलम 125 मध्ये 'बायको' या शब्दात घटस्फोट झालेली आणि पुन्हा लग्न न केलेली स्त्रीही धरली गेली.

या बदलाची मोठी परीक्षा झाली ती इंदूरच्या शहाबानोंच्या खटल्यात. त्यांचं लग्न 1932 मध्ये झालं होतं. 43 वर्षांच्या संसारानंतर, 1975 मध्ये, वकील असलेल्या नवऱ्यानं त्यांना घराबाहेर काढलं. 1978 मध्ये त्यांनी महिना 500 रुपयांची पोटगी मागितली, तर नवऱ्यानं तलाक दिला. खालच्या कोर्टानं महिना 25 रुपये मंजूर केले. त्रेचाळीस वर्षांच्या संसाराचे महिना पंचवीस रुपये! हायकोर्टानं ते 179 रुपये 20 पैसे केले. नवरा सुप्रीम कोर्टात गेला. 23 एप्रिल 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठानं निकाल दिला, की कलम 125 सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. त्यावर देशभर वादळ उठलं. मुस्लिम सत्यशोधक मंडळानं त्याच वर्षी कोल्हापूरहून नागपूरकडं तलाकमुक्ती मोर्चा काढला. 1986 मध्ये वेगळा कायदा आला आणि गोंधळ वाढला. शेवटी 10 जुलै 2024 रोजी सुप्रीम कोर्टानं पुन्हा स्पष्ट केलं, की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीही कलम 125 खाली पोटगी मागू शकते. आपल्या गटांत सगळ्या जातीधर्मांच्या बाया आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

कायदा पुस्तकात होता, पण गावात बाईची ओळख 'टाकलेली' हीच होती. रेशनकार्डावर तिचं नाव नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या मागं. 1980च्या दशकात सांगली जिल्ह्यात हे मोडायला सुरुवात झाली. कासेगावच्या इंदुताई पाटणकर तरुणपणी प्रतिसरकारात लढल्या होत्या. त्यांच्यासारख्या कार्यकर्त्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत पुढं होत्या. चळवळीनं परित्यक्ता बायांना एकत्र केलं. त्यांची मागणी नुसती पोटगीची नव्हती. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, घराला जागा, कसायला जमीन, असं त्या मागत होत्या. त्याच सुमाराला संगमनेरला समता आंदोलनानं निशा शिवूरकर यांच्या पुढाकारानं परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला. परित्यक्ता हा सरकारनं दखल घ्यायचा गट आहे, हे या बायांनी महाराष्ट्राला पटवलं. आज संजय गांधी निराधार योजनेच्या यादीत परित्यक्ता आणि घटस्फोटित स्त्रिया आहेत.

तिसरी पळवाट रकमेच्या मर्यादेची. 1955 मध्ये ठरलेले 500 रुपये 1999 पर्यंत तसेच होते. ज्वारी, तेल, एसटीचं तिकीट सगळं वाढलं, पोटगी मात्र त्याच दाव्याला बांधलेली. 1999 मध्ये महाराष्ट्रानं आपल्यापुरती मर्यादा 1500 रुपये केली. 2001 मध्ये केंद्रानं मर्यादाच काढून टाकली. आता नवऱ्याची ऐपत आणि बाईची गरज बघून रक्कम ठरते. शिवाय खटला चालू असताना अंतरिम पोटगी मिळते, आणि तो अर्ज नवऱ्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढायचा असतो.

चौथी पळवाट आपल्याला रोज दिसते. "माझ्या नावावर काही नाही, साहेब." जमीन भावाच्या नावावर, ट्रॅक्टर मुलाच्या नावावर. 4 नोव्हेंबर 2020 रोजी रजनेश विरुद्ध नेहा या महाराष्ट्रातल्याच खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठरवलं, की दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्यात शेतकरी कुटुंबांसाठी वेगळा नमुना आहे. लग्न किती वर्षं टिकलं, घरासाठी बाईनं काय सोडलं, याचाही विचार करायला सांगितलं. आणि पोटगी अर्ज दिलेल्या तारखेपासून द्यायची, निकालाच्या तारखेपासून नाही.

आता हे कलम 125 नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालं आहे, 1 जुलै 2024 पासून. नंबर बदलला, हक्क तोच आहे.

पण एक पळवाट अजून उघडी आहे, आणि तिच्यावर सही आपणच करतो. गावातली चार माणसं बसतात, स्टँप पेपर आणतात, आणि "आम्ही राजीखुशीनं वेगळे राहतो, पुढं काही मागणार नाही" असं लिहून घेतात. कायदा सांगतो, नवरा-बायको परस्परांच्या संमतीनं वेगळे राहत असतील तर या कलमाखाली पोटगी मिळत नाही. नवऱ्याचा वकील हाच कागद पुढं करतो. पोटगीचा हक्क असा लिहून सोडता येत नाही, असं न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे, पण ते सिद्ध करण्यात बाईची वर्षं जातात. आणि नुसत्या स्टँप पेपरनं कायदेशीर घटस्फोटही होत नाही. म्हणून वकिलाला दाखवल्याशिवाय अशा कागदावर अंगठा नको आणि सहीही नको.

काय करायचं ते थोडक्यात सांगतो. अर्ज तुम्ही राहता तिथल्या कोर्टात देता येतो, म्हणजे माहेरच्या तालुक्यातही. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं विचारा. जाताना लग्नाचा पुरावा, रेशनकार्ड, नवऱ्याचा सातबारा आणि आठ-अ, मिळालं तर उसाचं बिल, डेअरीची पावती न्या. नवऱ्याची कमाई कागदावर दिसली पाहिजे. पोटगी थकली तर एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा, नाहीतर जुनी थकबाकी या मार्गानं वसूल होत नाही. वॉरंट निघूनही पैसे भरले नाहीत तर नवऱ्याला तुरुंगात जावं लागू शकतं.

गटातल्या बायांना आणखी एक भीती असते. "गटाचं कर्ज काढून दोन शेळ्या घेतल्या, आता कोर्ट म्हणेल ही कमावती आहे." तसं नाही. बाई जगण्यापुरतं थोडंफार कमावते म्हणून पोटगी नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे. शेळ्या पाळा, आणि अर्जही द्या.

पहाटेचं पाणी, जनावरांचं शेण, भांगलण, सासू-सासऱ्यांचं आजारपण, हे सगळं तीस वर्षं केलेली बाई नवऱ्याकडं दान मागत नसते. ज्या घरात तिनं एवढं घातलं, त्यातला आपला घास ती मागते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून विचार करण्यात घालवलेला प्रत्येक महिना आपल्याच पोटाचा असतो. तुमच्या गटात अशी कोणी असेल तर पुढच्या बैठकीची वाट बघू नका. दोघी-तिघी मिळून तिच्याबरोबर तालुक्याला जा. एकटी बाई कोर्टाच्या पायरीवर घाबरते, सोबत असली की घाबरत नाही.