एक चिप, दोन ड्रायव्हर

वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपमध्ये आले, त्याला बरीच वर्षं झाली. फोन घेणाऱ्याला त्याचं काही पडलेलं नसतं. पण पुण्यात बसून नवे बोर्ड चालू करून देणाऱ्या माझ्यासारख्या एम्बेडेड इंजिनिअरच्या मागे तेव्हापासून एक प्रश्न लागला: या चिपला वीज द्यायची कोणी?

क्वालकॉमची क्यूसीए६३९० ही चिप घ्या. तिचा वायफायचा भाग पीसीआय एक्स्प्रेसवर असतो, ब्लूटूथचा यूएआरटीवर. लिनक्स कर्नलमधले त्यांचे ड्रायव्हर एकमेकांना ओळखतही नाहीत, वीजपुरवठा मात्र सामायिक. दोघांच्या एनेबल लाइन वेगळ्या, तरी एक उचलल्यावर दुसरी उचलण्याआधी १०० मिलिसेकंद थांबावं लागतं. वायफायच्या ड्रायव्हरने जाताना पुरवठाच बंद केला, तर ब्लूटूथही मरतं. शिवाय पीसीआयचा आपला तिढा आहेच. ही बस उपकरण आधी शोधते आणि सापडलं की मगच ड्रायव्हर लावते. वीज नसलेली चिप सापडणार कशी, आणि ड्रायव्हर लागलेलाच नसेल तर वीज देणार कोण?

एसडीआयओवरच्या वायफायला हाच त्रास होता. त्यावर कर्नल डेव्हलपर उल्फ हॅन्सन यांनी एसडीआयओ सांभाळणाऱ्या एमएमसीच्या चौकटीत उपाय केला आणि तो २०१५ मध्ये लिनक्स ४.० मध्ये आला. कार्ड शोधण्याआधी रीसेट लाइन आणि क्लॉक ठरल्या क्रमाने हलवायचे, ही त्याची रीत. उपाय चांगला होता, पण एमएमसीपुरताच. पुढे पीटर चेन यांनी यूएसबीसाठी, तर २०२१ मध्ये दिमित्री बारिश्कोव्ह यांनी क्वालकॉमच्या चिपांसाठी सर्वसाधारण रचना मांडली. दोन्ही कर्नलमध्ये गेल्या नाहीत. अशा प्रस्तावांवर एक आक्षेप हमखास यायचा: डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला बोर्डाचं वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये, बोर्डावरचं खरं हार्डवेअर लिहायचं असतं, आणि ‘पॉवर सीक्वेन्सर’ नावाचा भाग बोर्डावर कुठे आहे?

तोवर आमच्या धंद्यात एक पळवाट सर्रास चालायची. चिपला वीज पुरवणाऱ्या रेग्युलेटरला डिव्हाइस ट्रीमध्ये ‘कायम चालू’ अशी खूण करून मोकळं व्हायचं. वायफाय चालायचं, पण कोणी वापरत नसतानाही चिपचा पुरवठा चालूच राहायचा.

कर्नल डेव्हलपर बार्तोश गोलाशेव्स्की यांनी खऱ्या हार्डवेअरच्या त्या आक्षेपाचाच आधार घेतला. चिपच्या पोटात पीएमयू, म्हणजे वीज वाटून देणारा भाग, खरोखरच असतो. मग डिव्हाइस ट्रीमध्ये तोच लिहायचा: बोर्डाकडून तो कोणते पुरवठे घेतो, वायफायला आणि ब्लूटूथला कोणते देतो. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.११ मध्ये ही पॉवर सीक्वेन्सिंगची चौकट दाखल झाली. आता वायफायची आणि ब्लूटूथची बाजू आपापली मागणी नोंदवते. सामायिक रेग्युलेटर पहिल्या मागणीला चालू होतात आणि शेवटचा वापरणारा गेल्यावरच बंद होतात. मधला थांबा चौकटच पाळते. वायफायच्या बाजूने ही मागणी पीसीआयसाठीचा वेगळा छोटा ड्रायव्हर करतो: तो आधी वीज देतो, मग बसला पुन्हा शोध घ्यायला लावतो.

हुशार कोड आधीही लिहिला गेला होता. अडलं होतं ते चिपमध्ये जे आहे ते तसंच्या तसं मांडण्यावाचून, आणि या कामाचं मोठेपण मी त्यातच मानतो. आज नवा बोर्ड हातात घेणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: जुन्या डिव्हाइस ट्री फाइलमधली ‘कायम चालू’ ही ओळ डोळे झाकून उतरवू नका. चिपची डेटाशीट उघडा, पीएमयू नीट लिहा.