फळबागायतदार : एका व्यवसायाचे आणि त्याच्या नावाचे मूळ

पिंपरी, चिंचवड, जांभे, आंबेठाण, बोरदरा : पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस आज कारखान्यांनी व्यापलेल्या टापूतील ही ग्रामनामे एकत्र वाचली, म्हणजे झाडांची यादी वाचल्याचा भास होतो. ग्रामनामांच्या व्युत्पत्तीत सावधगिरी हवी हे खरे. ‘चिंचवड’ मधील ‘वड’ हे झाड की कुंपणवाचक ‘वाट’ या शब्दाचा अवशेष, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. तथापि पिंपरी, चिंच, जांभूळ, आंबा, बोर ही झाडे या भूमीवर खुणेची होती, एवढे ही नावे सुचवितात. त्या झाडांवर कोणाचा प्रपंच चालत होता, हे मात्र ती सांगत नाहीत. भाषेतील अन्य सामग्री तपासली असता, केवळ फळांवर जगणारा शेतकरी येथे बराच उशिरा अवतरला असे दिसते.

जुन्या मराठीत झाडाला, जागेला आणि जमिनीला शब्द विपुल आहेत. आंब्यांची ती आमराई. कोयीपासून वाढलेला तो रायवळ, कलम बांधलेला तो कलमी. ‘बागाईत’ हा शब्द फारसी ‘बाग’ याच्या अरबी धर्तीच्या अनेकवचनातून आला. पण महसुली दप्तरात तो फळांशी बांधलेला नाही. जिराईताच्या उलट, पाण्याखालील जमीन एवढाच त्याचा अर्थ. पाटाच्या पाण्यावरची ती पाटस्थळ, विहिरीच्या मोटेवरची ती मोटस्थळ. आणि ऊस लावणाराही बागाईतदारच. ‘माळी’ हा फुलांच्या माळेकडून आलेला आणि जातिवाचक झालेला शब्द. या सर्वांत बोलका शब्द ‘बागवान’ होय. फारसीत तो बाग राखणारा. मराठी मुलखात तो फळे-भाजी विकणाऱ्या समाजाचे नाव झाला. झाडावरचा माल मक्त्याने घ्यावा, उतरवावा आणि पेठेत विकावा, हा त्याचा धंदा. राखणाराचा शब्द विकणाराकडे सरकला, हे अर्थांतर आकस्मिक म्हणता येणार नाही. फळातील रोकड पेठेतच हाती येत असे.

लावणाराला स्वतंत्र नाव का नव्हते? याचे उत्तर काळाच्या हिशेबात शोधावे लागते. डाळिंबाला फळ धरावयास दोन-तीन वर्षे लागतात, रायवळ आंब्याला आठ-दहा. तितकी वर्षे जमीन आपल्याच हाती राहील अशी खात्री असेल, तोच झाड लावतो. सालाच्या बोलीवर जमीन कसणाऱ्या कुळाने आमराई उभी करणे म्हणजे दुसऱ्याच्या घराचा पाया भरणे. म्हणून मोठ्या बागा बहुधा इनामदारांच्या आणि सरदारांच्या. रयतेची झाडे बांधावरची, परसातली. त्यांचे मोल राज्यकर्त्यांना कळत नव्हते असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये अशी ताकीद आहे, आणि झाड वाढवावयास लागणारी वर्षे हेच तिचे कारण दिले आहे. कुळाला ही खात्री कायद्याने मिळावयास मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ आणि त्यातील दुरुस्तीनंतरचा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन उजाडावा लागला.

दरम्यान व्यवसायाची दुसरी अट, म्हणजे भरवशाचे रोप, याच परिसरात सिद्ध होत होती. पुण्याच्या गणेशखिंडीतील फळसंशोधन केंद्रात डॉ. गंडासिंग चीमा आणि त्यांचे सहकारी काम करीत होते. लखनौहून आलेल्या पेरूच्या बियांतून १९२७ मध्ये येथे ‘लखनौ ४९’ ही जात निवडली गेली. तीच पुढे ‘सरदार’ झाली. १९३६ मध्ये ‘आळंदी’ या स्थानिक डाळिंबाच्या रोपांतून चीमांनी मऊ बियांचे झाड निवडले. या जातीला १९७० मध्ये ‘गणेश’ हे नाव मिळाले. आळंदी म्हटले की वाचकाचे मन इंद्रायणीकाठी, चाकणच्या शेजारी जाते. परंतु पुणे जिल्ह्यात आळंद्या दोन : एक देवाची, दुसरी हवेली तालुक्यातील म्हातोबाची, जी पूर्वी चोराची म्हणून ओळखली जाई. याच डाळिंबाचे दुसरे नाव ‘वडकी’ असे नोंदलेले आहे, आणि वडकी हे हवेलीतच दिवे घाटाच्या पायथ्याशी आहे. हे पाहता डाळिंबाचे श्रेय ज्ञानेश्वरांच्या आळंदीकडून काढून चोराच्या आळंदीला देणे अधिक सयुक्तिक ठरते.

बागेतील कौशल्याचा शब्द ‘बहार’. फारसीत वसंत आणि मोहोर, दोन्ही अर्थ. मराठी शेतकऱ्याने त्याला आपल्या नक्षत्रांशी जोडले : मृग बहार, हस्त बहार, आणि आंब्याच्या मोहोराच्या वेळचा आंबे बहार. डाळिंब वर्षभर थोडेथोडे फुलू शकते. ते एका वेळी फुलविण्यासाठी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, पाने गळू द्यावी लागतात, मग खत घालून पाणी सोडावे लागते. पाणी कधी द्यावे यापेक्षा कधी देऊ नये, हे ज्याला कळते तो फळबागायतदार. बांधावरच्या आंब्याच्या मालकाला हे ज्ञान लागत नव्हते. येथे व्यवसाय सुरू होतो.

कुळाच्या नावावर जमीन चढली, रोप तयार झाले, आणि नेमक्या त्याच सुमारास या पट्ट्यात कारखाने आले. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. नंतर चाकणचा क्रम लागला. भूसंपादनाने हे सर्व घडले असे म्हणणे अपुरे आहे. महिन्याला पगार आणि तीन वर्षांनी फळ यांत निवड करावयाची झाली, तेव्हा अनेक घरांतील तरुणांनी पगार निवडला. त्यांना दोष देणे इतिहासकाराचे काम नव्हे.

‘गणेश’ची भरभराट झाली ती दूर, सांगोला, आटपाडी, सटाण्याच्या कोरड्या माळांवर. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली आणि लागवडीचा खर्च अनुदानाने उचलला गेला. वाट पाहण्याच्या वर्षांचे ओझे प्रथमच अंशतः शासनावर पडले. ‘फळबागायतदार’ हा शब्द वृत्तपत्रांत आणि शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत सर्रास झाला तो या प्रसारामुळे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘गणेश’च्या संकरातून ‘मृदुला’ आणि ‘भगवा’ काढले. २००५ मध्ये सोलापुरास डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. तेल्या रोगाने अनेक बागा उपटावयास लावल्या, तोही याच व्यवसायाच्या इतिहासाचा भाग.

औद्योगिक पट्ट्याच्या सीमेवर, तळेगाव दाभाडे येथे, बागाईत आणि काढणीनंतरच्या हाताळणीचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. शेजारीच आंबी, आणि पलीकडे आंबेठाण. दोन्ही नावांत आंबा, दोन्ही शिवारांत कारखाने. या संस्थांतून शिकून निघालेल्याला झाड लावावयाचे झाल्यास जमीन बहुधा इतरत्रच शोधावी लागते.