दहा मिनिटं पुढे

माधवनगरच्या आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असायचं. ते बिघडलेलं नव्हतं, मुद्दाम तसं लावलेलं होतं. दर रविवारी सकाळी माझे आजोबा, म्हणजे आण्णा, स्टुलावर चढून घड्याळाला किल्ली द्यायचे. रेडिओवर वेळ सांगितली की काटा आधी बरोबर जागी आणायचे आणि मग बोटाने हलकेच दहा मिनिटं पुढे ढकलायचे.

घरात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे सगळे मनातल्या मनात दहा वजा करायचे. सात वीस दिसले की सात दहा समजायचं आणि निवांत चहा प्यायचा. मग घड्याळ पुढे लावून उपयोग काय, असा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा. एकदा आण्णांना तसं विचारलंही. ते म्हणाले, "तुम्ही दहा वजा करता, तरी दोन मिनिटं लवकर निघता का न्हाई? तेवढीच माझी कमाई."

त्याच घड्याळाने एका सकाळी आमच्या घराला फसवलं, आणि तेही बरोबर वेळ दाखवून. ती गोष्ट शेवटी सांगतो. त्याआधी दुसरी सांगायला हवी, कारण माधवनगरचं घड्याळ पहिल्यांदा पुढे ढकलणारे आण्णा नव्हते. त्यांच्या आधी ते बऱ्याच जणांनी ढकललं होतं.

हिशेब सोपा आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. भारताची प्रमाणवेळ ठरते ती ८२.५ अंश रेखावृत्तावर, जे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. सांगली-माधवनगर साधारण ७४.६ अंशांवर आहे. फरक झाला सुमारे आठ अंशांचा, म्हणजे जवळपास ३२ मिनिटांचा. तुमच्या मोबाइलवर दुपारचे बारा वाजतात तेव्हा माधवनगरचा सूर्य अजून डोक्यावर आलेला नसतो. वर्षाची सरासरी काढली तर तो माथ्यावर येतो साडेबाराच्या सुमारास. म्हणजे आमच्या गावातलं प्रत्येक 'बरोबर' घड्याळ सूर्याच्या मानाने अर्धा तास पुढेच आहे. आण्णांची दहा मिनिटं त्याच्यावरची.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. घटका-पळांचा हिशेब सूर्योदयापासून चालायचा. दिवसाच्या साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची. लग्नाचा मुहूर्त साधायला पाण्यावर घटिकापात्र सोडायचं, ते भरून बुडलं की एक घटका झाली. प्रत्येक गावाचा सूर्योदय वेगळा, म्हणून प्रत्येक गावाची वेळही वेगळी. सांगलीची वेळ पुण्याच्या वेळेशी जुळत नाही म्हणून कुणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते आगगाडीमुळे. पुणे-मिरज मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तयार झाला. गाडीला प्रत्येक गावाची वेगळी वेळ चालत नाही, साऱ्या मार्गाला एकच वेळ लागते. तेव्हा देशातल्या रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर चालत, कारण मद्रासला वेधशाळा होती आणि मुंबई-कलकत्त्याच्या मानाने ते शहर मध्ये पडत होतं. मद्रासची वेळ सांगलीच्या सूर्यापेक्षा सुमारे २३ मिनिटं पुढे. सूर्य बघून स्टेशनवर जाणाऱ्याची गाडी केव्हाच पुढे निघून गेलेली असणार. आपल्याकडे 'वेळेच्या आधी जाऊन बसावं' ही सवय आली, तिच्यामागे कदाचित हे स्टेशनही असेल, असं मला वाटतं.

मुंबईत तर यावरून मोठं भांडण झालं. १८८१ च्या अखेरीस गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईतही मद्रासची वेळ लागू केली. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे. मुंबईची घड्याळं एकदम अर्धा तास पुढे गेली आणि लोक चिडले. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने बांधलेला राजाबाई टॉवर तेव्हा नुकताच उभा राहिला होता. विद्यापीठाने त्यावरचं घड्याळ मुंबईच्याच वेळेवर ठेवायचं ठरवलं. तर मग त्या तबकडीवर रात्री दिवे लावायचा खर्च आम्ही देणार नाही, असं सरकार म्हणालं. शेवटी १८८३ मध्ये सरकारनेच माघार घेतली.

पण ती तात्पुरतीच. १९०५ मध्ये रेल्वेने आणि १ जानेवारी १९०६ पासून सरकारने ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ स्वीकारली. मुंबईचं घड्याळ ३९ मिनिटं पुढे गेलं. बंगालची फाळणी होऊन तीन महिनेही झाले नव्हते, लॉर्ड कर्झनच्या नावाने देश पेटलेला होता. अशात सरकार आपल्या घड्याळालाही हात घालतंय म्हटल्यावर विरोध झाला. मुंबई महापालिकेने आपली घड्याळं 'मुंबई टाइम'वरच ठेवली आणि स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही वर्षं हा हट्ट टिकला. एकाच शहरात स्टेशनवर एक वेळ आणि मंडईच्या घड्याळात दुसरी.

या प्रकरणात वकील होते, नगरसेवक होते, वर्तमानपत्रांचे संपादक होते. पण मला खरा वाटतो तो विरोध वेगळ्याच लोकांचा. जानेवारी १९०६ च्या पहिल्याच आठवड्यात मुंबईतल्या गिरणी कामगारांनी काम बंद केलं आणि गिरणीवर दगडफेक केली. कारण गिरणीचं घड्याळ नव्या वेळेवर लावलं होतं.

नुसत्या ३९ मिनिटांसाठी दगड? जरा विचार करा. गिरणीत सकाळी सहाला हजर व्हायचंय. गिरणीने तासांत काही बदल केला नाही, सहा म्हणजे सहाच. पण नव्या घड्याळाचे सहा म्हणजे सूर्याचे पाच वाजून एकवीस मिनिटं. जानेवारीतला काळोख, चाळीतल्या नळावरची रांग, चूल पेटवून भाकरी करणारी बायको, हे सगळं ३९ मिनिटांनी अलीकडे ओढायचं. संध्याकाळी तेवढंच लवकर सोडतील याची खात्री कोण देणार? त्याच सुमारास काही गिरण्यांत विजेचे दिवे आले होते आणि त्या उजेडात कामाचे तास वाढवले जात होते. सूर्य मावळला की सुटका, हा कामगाराचा एकमेव भरवसा होता, तोही जायला लागला होता.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या ज्या मागण्या मांडल्या, त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्धा तास विश्रांती होती आणि आणखी एक मजेशीर मागणी होती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. सकाळसाठी घड्याळ, संध्याकाळसाठी सूर्य! वाचताना हसू येतं, पण त्यात शहाणपण आहे. घड्याळ मालकाच्या हातात असतं, सूर्य नसतो. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. सूर्यास्ताची मागणी मागेच राहिली.

घड्याळ मालकाच्या हातात असण्याचे किस्से इंग्लंड-स्कॉटलंडमध्येही आहेत. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या गिरण्यांत लहानपणी राबलेल्या एका कामगाराने आठवणींत लिहून ठेवलंय की, तिथलं घड्याळ सकाळी पुढे आणि संध्याकाळी मागे केलं जायचं. आणि कामगाराने स्वतःचं घड्याळ जवळ बाळगलेलं चालायचं नाही. आपल्याकडे बहुतेकांकडे घड्याळच नव्हतं, होता तो भोंगा. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, पुढे माधवनगरला कापड गिरणी आली, आणि आमच्या भागातला दिवस भोंग्याने उजाडायला लागला. गिरणीत पाऊल न टाकलेल्या बायकाही 'पहिला भोंगा झाला' म्हणून दूध तापवायला ठेवायच्या.

भोंगा झाला, फाटक बंद झालं आणि माणूस बाहेर राहिला, तर खाडा. मुंबईच्या गिरण्यांत 'डबल खाडा' अशी पद्धत होती, एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापायचा. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने याला चाप लावला. जेवढा वेळ गैरहजर, तेवढ्याच वेळाचे पैसे कापता येतील, असं त्यात लिहिलं आहे. कायदा झाला, पण भीती एका पिढीत जात नाही.

आण्णा सायकलने एका कारखान्यात जायचे. ते कधी उशिरा पोचले असं माझ्या ऐकण्यात नाही. आजी मात्र सांगायची की, ते झोपेत दचकून 'वाजलं का?' असं विचारायचे. त्या दहा मिनिटांकडे मी आता तसं बघतो. दिसायला ती शिस्त होती, पण त्यातला बराचसा भाग भीतीचा होता.

घड्याळ पुढे लावणारे राजेही होऊन गेले, पण त्यांचं कारण बघा. इंग्लंडच्या सातव्या एडवर्डने आपल्या सँडरिंगहॅमच्या वाड्यातली सगळी घड्याळं अर्धा तास पुढे ठेवली होती, शिकारीला जास्त उजेड मिळावा म्हणून. राणी अलेक्झांड्रा सतत उशीर करायची म्हणून, असंही लोक म्हणत. १९३६ मध्ये पाचवा जॉर्ज वारला, तेव्हा त्याच्या मुलाने ती पद्धत बंद केली. स्वित्झर्लंडमधलं बासेल शहर तर १७९८ पर्यंत शेजाऱ्यांपेक्षा एक तास पुढे होतं. आणि एडिंबरोच्या मुख्य स्टेशनला लागून असलेल्या बालमोरल हॉटेलवरचं मोठं घड्याळ आजही तीन मिनिटं पुढे असतं, लोकांची गाडी चुकू नये म्हणून. वर्षात फक्त ३१ डिसेंबरला ते बरोबर लावतात. मला हे घड्याळ फार आवडतं. त्याने घातलेली तीन मिनिटं लोकांच्याच खिशात जातात.

आपल्या देशानेही एकदा घड्याळ पुढे लावलं होतं. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत प्रमाणवेळ एक तास पुढे होती. म्हणजे सांगलीच्या सूर्यापेक्षा दीड तासाहून जास्त पुढे. नेमका तोच काळ इथल्या प्रतिसरकारचा. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेच्या लोकांनी शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली, ती आमच्याच पुणे-मिरज मार्गावर. सरकारची गाडी त्या दिवशी लंडनच्या युद्धासाठी ढकललेल्या वेळेवर धावत होती, आणि ती अडवणारी पोरं होती रानात दिवस-रात्र काढणारी. इतिहासाच्या पुस्तकात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पानांवर असतात. मला त्या एकाच रुळावर दिसतात.

आता घरच्या घड्याळाची गोष्ट.

आण्णा निवृत्त झाले, तेव्हा मी चौथीत होतो. दोन-तीन महिन्यांनी काकाला साताऱ्याहून मुलाखतीचं पत्र आलं. पहाटेची गाडी होती. घरातून स्टेशन पायी पंधरा मिनिटांवर. काकाने घड्याळ बघितलं, सवयीने दहा वजा केली, शांतपणे केस विंचरले, देवाला नमस्कार केला, आजीने हातावर दही ठेवलं. स्टेशनजवळ पोचेपर्यंत गाडी सुटलेली होती. तो धावत परत आला, सांगलीच्या स्टँडवर गेला, मिळेल ती एसटी धरली. साताऱ्यात पोचला तेव्हा दुपार झाली होती. त्याला सगळ्यांच्या शेवटी आत घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि सोडलं. ती नोकरी त्याला मिळाली नाही.

रात्री सगळे घड्याळाकडे बघत बसले होते. आण्णाच हळूच म्हणाले, "मीच बरोबर लावलं त्या रविवारी. आता माझा खाडा कोण मांडणार? म्हटलं, एकदा तरी खरी वेळ बघू."

त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंच नसावं. आयुष्यभर पुढे ढकललेली दहा मिनिटं त्यांनी गुपचूप परत घेतली होती. काका काही बोलला नाही. त्याने स्टूल ओढलं, वर चढला आणि काटा दहा मिनिटं पुढे केला. आण्णांनी मान खाली घातली. त्यानंतर घड्याळाला किल्ली द्यायचं काम काकाकडे गेलं.

तुम्ही म्हणाल, आता हे सगळं संपलं. मोबाइलची वेळ नेटवर्कवरून येते आणि देशाची प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतली अणुघड्याळं सांभाळतात. मोबाइल मुद्दाम पुढे लावून बघा, व्हॉट्सअॅपच कुरकुर करतं की तुमची तारीख-वेळ चुकीची आहे. पण सातला उठायचं असेल, तर आपण साडेसहापासून दहा-दहा मिनिटांच्या अंतराने चार गजर लावतोच ना? मी पुण्यात ज्या ऑफिसात काम करतो, तिथे दारावर बोट टेकवून हजेरी लागते आणि नऊ वाजून सोळा मिनिटांनी अर्धा दिवस जातो. मीही झोपेत दचकतो. फक्त 'वाजलं का' असं विचारायला शेजारी कुणी नसतं, म्हणून उशाशी चाचपडून मोबाइल बघतो.

गेल्या दिवाळीत माधवनगरला गेलो होतो. आण्णा नाहीत, काका थकलाय. घड्याळ अजून चालतंय. मी मोबाइलशी ताडून पाहिलं, तर ते अकरा मिनिटं पुढे होतं. काकाला म्हटलं, एक मिनिट जास्त धावतंय, नीट करून देऊ का?

"असू दे," काका म्हणाला. "नीट करायचं असलं तर आधी घरात सगळ्यांना सांगून कर."