एका मतदारसंघाचा हिशेब

सोलापूर जिल्ह्यांतील सांगोला हा माण नदीच्या खोऱ्यांतील अवर्षणग्रस्त तालुका होय. या मतदारसंघानें सन १९६२ मध्यें शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख यांस प्रथम विधानसभेंत पाठविलें. हा मान त्यांस एकंदर अकरा वेळां मिळाला. लोक हा आंकडा अभिमानानें सांगतात. परंतु सांगोल्याचा स्वभाव जाणावयाचा तर त्यांचे पराभवच पाहिले पाहिजेत.

सन १९७२ मध्यें काकासाहेब साळुंखे-पाटील यांनीं त्यांस हरविलें. १९७४ च्या पोटनिवडणुकींत ते पुन्हां विजयी झाले. १९९५ मध्यें शहाजीबापू पाटील यांजकडून ते अवघ्या १९२ मतांनीं पराभूत झाले, आणि १९९९ मध्यें परत निवडून आले. २०१९ मध्यें ते स्वतः उभे राहिले नाहींत. त्यांचे नातू अनिकेत यांस शहाजीबापूंनींच ७६८ मतांनीं मागें टाकलें. गणपतराव २०२१ मध्यें निवर्तले. २०२४ मध्यें त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब यांस मतदारांनीं निवडून दिलें.

तात्पर्य, दीर्घ सेवेनें आदर मिळतो. मत मात्र प्रत्येक वेळीं नव्यानें मागावें लागतें. १९२ मतें म्हणजे एखादी लहानशी वाडी. ‘एका मतानें काय होणार?’ असें म्हणून मतदानाच्या दिवशीं घरीं बसणाऱ्यांनीं हा हिशेब ध्यानांत ठेवावा.