ताहराबादच्या कुलकर्ण्यांची लेखणी

माझ्या एका भाच्याने गेल्या वर्षी कादंबरी लिहिली. तिचा नायक हवेतून चालतो, भिंतीपलीकडचे पाहतो आणि एरवी एका कचेरीत खाली मान घालून कारकुनी करतो. दोन-तीन प्रकाशकांनी बाड साभार परत केले, तेव्हा पदरचे पैसे घालून ते छापायचे असे त्याने ठरवले. माझ्याकडे तो आला तो पैशासाठी नव्हे, हे त्याच्या वतीने मुद्दाम नमूद करतो. "मामा, असला उद्योग आपल्या नगर जिल्ह्यात आधी कोणी केला आहे का?" एवढेच त्याला विचारायचे होते. मी म्हटले, "केला आहे. राहुरी तालुक्यात, ताहराबादला. अडीचशे वर्षे उलटून गेली."

अतिमानव नायक ही वस्तू अमेरिकेची, असा हल्ली समज आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. क्लीव्हलंड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरांनी १९३३ च्या जानेवारीत, स्वतःच चालवलेल्या आणि चक्रमुद्रित केलेल्या मासिकात 'सुपरमॅन' हे नाव प्रथम वापरले. त्या गोष्टीतला सुपरमॅन चक्क खलपुरुष होता. पुढे त्याला त्यांनी सज्जन केले, डोळ्यांवर चष्मा चढवून वर्तमानपत्रात नोकरीस लावले, आणि कित्येक दारे ठोठावून झाल्यावर १९३८ साली त्याचे सगळे हक्क १३० डॉलरना विकून टाकले. प्रकाशकाने त्यावर अमाप पैसा केला. कर्त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली आणि त्यांना वर्षासन सुरू झाले ते १९७५ साली, दोघेही साठी ओलांडल्यावर. लेखणी आपली, पण तिच्यातून उतरलेला नायक कोणाचा, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला.

ताहराबादच्या महीपतींनी हा प्रश्न आधीच निकालात काढला होता.

महीपतींचा जन्म १७१५ चा. वडील दादोपंत पंढरीचे वारकरी. उतारवयात झालेला हा मुलगा. गावचे कुलकर्णीपण घराकडे असल्याने लेखणी हाती आली ती वारशाने. कुलकर्ण्याची लेखणी म्हणजे काय चीज होती, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. कोणत्या शेताला किती सारा, कोणाकडे किती बाकी, कोणाची जमीन कोणाच्या नावे चढली, हे सारे त्या बोरूच्या टोकावर. गाव पाटलाच्या काठीला भीत असे. पण त्याहून अधिक कुलकर्ण्याच्या दौतीला.

परंपरा अशी सांगते की, महीपती एकदा देवपूजेला बसले असता जहागीरदाराच्या कचेरीतून शिपाई आला. पूजा आटोपून येतो, असे त्यांनी सांगितले. शिपायाने ऐकले नाही. वेडेवाकडे बोलला आणि त्यांना पूजेवरून उठवून घेऊन गेला. महीपती गेले. कचेरीतले काम त्यांनी चोख पुरे केले, घरी परतले, कानावरची लेखणी काढून विठ्ठलापुढे ठेवली आणि इथून पुढे ही लेखणी सरकारी लिखाणाला लावायची नाही, अशी शपथ घेतली. मला या हकीकतीत आवडते ते मधले वाक्य. रागाच्या भरात कागद भिरकावून ते निघून आले नाहीत. आधी काम पुरे केले. हा माणूस हिशेबी होता. पुढे तीस-पस्तीस वर्षे त्याने जे लिहिले, त्यातही तो हिशेबीपणा दिसतो.

त्यांचे 'संतलीलामृत' १७५७ चे. दोनच वर्षांनी, १७५९ मध्ये, नगरचा भुईकोट किल्ला पैसे मोजून पेशव्यांच्या ताब्यात आला. १७६१ च्या संक्रांतीला पानिपत झाले. आणि १७६२ मध्ये 'भक्तविजय' पुरा झाला : सत्तावन्न अध्याय, सुमारे दहा हजार ओव्या. तलवारीच्या नायकांचा काळ तो. पण महीपतींचे नायक पाहावेत तर कुंभार, शिंपी, न्हावी, माळी, आणि दुसऱ्याच्या घरी दळणारी दासी! त्यांच्या अंगी सामर्थ्य मात्र असे की, त्यापुढे कोणताही चित्रकथेतला वीर फिका पडावा. भिंत चालते, रेडा वेद बोलतो, पाठीवर मांडे भाजले जातात, नामदेवासाठी देऊळ फिरते. वाघावर बसून सापाचा चाबूक हाती घेतलेला चांगदेव हा तर जन्मजात प्रतिस्पर्धी. फरक इतकाच की, शेवटी त्याला कोणी बुकलत नाही. तो आपण होऊन खाली उतरतो.

सोंगाचेही तसेच. आपला महावीर साध्या माणसाच्या वेषात वावरतो, ही युक्ती क्लीव्हलंडच्या पोरांना सुचली तेव्हा ती आपल्या माजघरात जुनी झाली होती. सेना न्हाव्याला उशीर झाला म्हणून विठ्ठल धोकटी काखेला मारून बादशहाची हजामत करायला जातो, आणि बादशहाला वाटीतल्या तेलात चतुर्भुज मूर्ती दिसते.

दामाजीची कथा तर मी पुन्हा पुन्हा वाचतो. मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठार भुकेल्यांना खुले केले. बेदरच्या बादशहाने त्याला धरून आणण्याचा हुकूम सोडला. दामाजी वाटेवर असतानाच विठू महार होऊन देव दरबारात हजर झाला आणि धान्याची किंमत मोजून मोकळा झाला. इथवर कोणीही सांगेल. पण या कथेतला देव पैसे भरून नुसता निघून जात नाही. तो पावती मागून घेतो आणि ती दामाजीच्या पोथीत नेऊन ठेवतो! कथा महीपतींच्या आधीची, हे खरे. पण ती सांगताना ताहराबादच्या या माजी कुलकर्ण्याचा बोरू त्या पावतीपाशी क्षणभर तरी रेंगाळला असेल, असे मला वाटते. कचेरीत खरेपणा कागदावर मोजला जातो, हे ज्याने भोगले त्यालाच देवाच्या हाती पावती देण्यातली खुमारी कळणार. आणि कोठार उघडणारा दामाजीदेखील सरकारी नोकरच की.

कादंबरी हा प्रकार मराठीत १८५७ च्या 'यमुनापर्यटना'पासून धरतात. पण गोष्टीसाठी आसुसलेल्या घराची भूक त्याआधी शंभर वर्षे कोण भागवत होते, असे विचाराल तर मी 'भक्तविजया'कडे बोट दाखवीन. अध्यायाअध्यायाला उत्कंठा, ओळखीची माणसे, सोपी ओवी. पंडितांना पुसायला जावे लागत नाही.

आता प्रकाशनाचे. देशावर छापखाना नव्हता. नगरात मिशनऱ्यांचे 'ज्ञानोदय' सुरू झाले ते १८४२ साली, महीपतींच्या पश्चात अर्ध्या शतकाने. कवीने ग्रंथ करावा, कोणा श्रीमंताने त्याचा योगक्षेम चालवावा, ही त्या काळची रीत. बारामतीला मोरोपंतांना नाईकांचा आश्रय होता. महीपतींनी दार धरले ते विठोबाचे. पुढचे काम बोरूचे. सुटी पाने, काजळाची शाई, चुकल्या अक्षरावर हरताळ, वरखाली फळ्या आणि भोवती रुमाल. दहा हजार ओव्यांची एक नक्कल म्हणजे चाळीस हजार चरण हाताने उतरायचे. मूळ प्रत कर्त्याची, पण पुढची प्रत्येक प्रत कोणीतरी आपल्या डोळ्यांचे तेल जाळून केलेली. त्यात मोबदला एकच, फलश्रुती. जो ऐकेल, जो वाचेल, त्याचे भले होईल, असे ग्रंथाच्या शेवटी आश्वासन. आजच्या जाहिरातदारांनी याला हसू नये. त्यांची आश्वासने यापेक्षा फारशी सावध नसतात.

खरे वितरण मात्र पायांनी झाले. कीर्तनकाराने अध्याय पाठ करायचा आणि गावोगाव देवळाच्या ओट्यावर उभे राहून सांगायचा. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ग्रंथ पोहोचला.

इतिहासाच्या अभ्यासकांचा महीपतींवर राग आहे. वेगवेगळ्या शतकांतले संत ते खुशाल एकत्र बसवतात. सनावळीकडे पाहत नाहीत. आक्षेप खरा आहे. पण 'भक्तविजया'त त्यांनी आपले आधार सांगून ठेवले आहेत : उत्तरेकडचे नाभाजी आणि माणदेशचे उद्धवचिद्घन. म्हणजे हा माणूस स्वतःच्या डोक्यातून संत घडवीत नव्हता. मिळालेल्या कागदावरून लिहीत होता. पुढे तुकारामांविषयी जास्त मजकूर मिळाला, तेव्हा १७७४ च्या 'भक्तलीलामृता'त ते चरित्र त्यांनी नव्याने, विस्ताराने लिहिले. ज्याला नुसत्या चमत्काराची हौस असते तो असा पुन्हा कामाला बसत नाही. तुकारामांना तर ते स्वप्नातले गुरू मानीत, आणि त्या चरित्रातला सर्वांत मोठा चमत्कार कोणता? लेखकाच्या वह्या तेरा दिवस इंद्रायणीत राहून कोरड्या वर आल्या. एकच प्रत असलेला ग्रंथ म्हणजे काय धास्ती असते, ते पोथी लिहिणाराच जाणे.

महीपती १७९० मध्ये गेले. 'संतविजय' अपुरा राहिला, सव्विसाव्या अध्यायाशी थांबला. चौंडीत जन्मलेल्या ज्या अहिल्याबाईंचे नाव २०२४ साली या जिल्ह्याला मिळाले, त्या महीपतींपेक्षा दहा वर्षांनी लहान. दोघांचा काळ एकच, पण एकीची कीर्ती काशीपर्यंत दगडात बांधलेली आणि दुसऱ्याची रुमालात गुंडाळलेली. एकोणिसाव्या शतकात शिळाछापाच्या पोथ्या निघू लागल्या, तसा तो रुमाल घरोघर पोहोचला. प्रभातने १९३६ मध्ये 'संत तुकाराम' आणि १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर' काढले, तेव्हा पडद्यावर काय घडणार हे बहुतेक प्रेक्षकांना आधीच ठाऊक होते. तरी ते गेले, आणि भिंत चालू लागल्यावर त्यांनी हात जोडले.

ज्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे मांडले होते, त्याच मिशनच्या जस्टिन अ‍ॅबट यांना उतारवयात महीपतींचे वेड लागले. चमत्कारांवर या मिशनऱ्याचा विश्वास बसावा असे काही नव्हते, तरी न्यू जर्सीतल्या समिट गावी बसून त्यांनी १९२६ पासून महाराष्ट्रातल्या संतकवींची इंग्रजी माला काढायला घेतली. एकनाथ, तुकाराम, रामदास, ही चरित्रे बव्हंशी महीपतींच्याच ओव्यांवरून. 'तुकाराम' १९३० मध्ये निघाला, तेव्हा प्रकाशक म्हणून पहिल्या पानावर कोणा मोठ्या संस्थेचे नाव नव्हते. अ‍ॅबटांचेच नाव होते आणि खाली त्यांच्या घराचा पत्ता. 'भक्तविजया'चे भाषांतर त्यांनी पंडित नरहर गोडबोले यांच्या सोबतीने केले. त्याचे दोन खंड १९३३ आणि १९३४ मध्ये बाहेर पडले. अ‍ॅबट १९३२ च्या जूनमध्येच वारले होते. पहिला खंड आला त्याच वर्षी, तिकडे क्लीव्हलंडमध्ये, दोन पोरे आपल्या चक्रमुद्रण यंत्राला शाई लावीत होती.